बंद खोलीचं बिल

॥ श्री ॥

वैशाखरे,
गुरुवार, ११ जानेवारी २००१

सौ. वंदना हिस लक्ष्मीचा आशीर्वाद.

आलेल्या-गेलेल्या गोष्टी आधी लिहिते, म्हणजे पुढे वाद नको. लाइटबिल आलं, नोव्हेंबर-डिसेंबरचं, १८१५ रुपये. आईंच्या अर्धांगाचं तेल मुरबाडहून आणवलं, ४५. तुझी पत्र्याची पेटी किन्हवलीला धाडली, हमाली १० आणि कंडक्टरला चहाचे ५. देवीला कौलासाठी कळे लावले त्या दिवशीचा नारळ, कापूर, फुलं मिळून १४. हे चौदा मी तुझ्या नावावर लावलेले नाहीत. देवीचं देवीला.

बिलाचे मात्र निम्मे, ९०७ रुपये ५० पैसे. मीटर मामंजींच्या नावावरचं एकच, मधल्या भिंतीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे तुम्ही धाकटे, आणि बिल निम्मं-निम्मं. तू लग्न होऊन या घरात आलीस तेव्हापासून हेच चालत आलंय. माझी वही काढून बघितली. दसऱ्याआधी दोन महिन्यांचं बिल दोनशे दहाच्या वर एकदाही गेलेलं नाही. मग एकदम ८७०, आणि आता हे. ह्यांनी वायरमनला आणून मीटर दाखवलं. तो म्हणाला, "मीटर बरोबर हाय मावशी, वीज घरातच जाते."

आमच्याकडे वाढलं काय, तर माझ्या साईनाथने कल्याणच्या लॉजवरून आणलेला तो जुना बॉयलर. लॉजवाल्याने नवे बसवले म्हणून सातशेत दिला. तोही आईंना शेकायला आणि अंघोळीला. शिवाय तो ऑटोमॅटिक आहे. पाणी तापलं की आपला आपण बंद होतो, तू सारखी बटणं दाबत बसू नको, असं साईनाथ बजावून गेलाय. त्याच्या नळीतून पाणी ठिबकतं तेसुद्धा मी मोरीत जाऊ देत नाही. खाली कळशी ठेवलीय. दिवसाकाठी चार कळश्या गरम पाणी फुकट पडतं, सरपणाच्या मोळ्या वाचतात त्या वेगळ्या. म्हणजे बॉयलरने आमचा खर्च कमीच केला. उरली तुझी विजेची शेगडी.

देवीला मी एवढंच विचारलं, वीज घरातच जाते का. उजवा कळा पडला, म्हणजे हो. मी बायांसमोर तुझं नाव घेतलेलं नाही. नुसतं बघितलं. त्यावर तू पोरीला घेऊन त्याच दुपारी माहेर गाठलंस. ज्याच्या मनात काही नाही तो असा जातो का?

शेगडी किती वेळ लावत होतीस ते खरं लिही. पैसे मनिऑर्डरने पाठव. आई तुझी आठवण काढतात, म्हणजे बोलता येत नाही, पण दाराकडे बघतात.

तुझी,
लक्ष्मी


किन्हवली,
१७ जानेवारी

लक्ष्मीबाईंना वंदनाचा नमस्कार.

चौदा रुपये माझ्या नावावर लावले नाय, उपकार झाले. पण नाव तर लावलंत ना बाई. त्याची पावती सगळ्या गावाकडं हाय.

सोळा बाया होत्या देवळात. उजवा कळा पडला नि तुमी मान वळवून माझ्याकडं बघितलंत. नाव घेतलं असतंत तर मी तोंड उघडून उत्तर तरी दिलं असतं. बघण्याला काय उत्तर देऊ? शेजारची सावळी तर माझ्या पदराला हात लावून बाजूला सरली, जशी मीच शॉक देते.

शेगडीचं विचारलंत, सांगते. तिची तार नवरात्रातच जळली. ती आमच्या पडवीच्या पत्र्यावर पडलीय नि तिच्यात माती घालून स्नेहलनं गोंड्याचं रोप लावलंय. शिडी लावून बघा. शिडी तुमच्याकडंच हाय, दिवाळीला नेलीत ती.

आमच्या बाजूला दोन बल्ब नि एक पंखा. टीव्ही बघायला सुद्धा पोरगी तुमच्याकडं यायची, तेव्हा तुमी "अभ्यास नाय का गो?" म्हणून उठवायच्या. तेच बरं केलंत. स्नेहलची दहावी हाय, बाई. बारा मार्चला पेपर सुरू, नंबर तिकडं टोकावड्यालाच लागणार. परीक्षेला तिला त्या घरातून जायचंय. मी तिला चोराची पोर म्हणवून त्या रस्त्यानं चालवणार नाय.

दोनशे रुपये मनिऑर्डर केलीय. ते बिलाचे नाय, आईंच्या तेलाचे हायत. शेकताना फडका आधी आपल्या गालाला लावून बघा, त्यांच्या डाव्या बाजूला चटका कळत नाय.

मधल्या दाराला आतनं कडी घातलीय, बाहेरच्या दाराला कुलूप, नि चावी माझ्या कमरेला. आता खोलीत कोण नाय. जानेवारी-फेब्रुवारीचं बिल येऊ द्या. आलं की मला आकडा कळवा. दुसरं काय नको, फक्त आकडा.

वंदना


॥ श्री ॥

वैशाखरे,
मंगळवार, ३० जानेवारी

सौ. वंदना हिस आशीर्वाद.

मनिऑर्डर पोचली, २००. तेल आणलं ४५, बाकी १५५ देवाजवळच्या डबीत ठेवलेत, तुझ्या नावाची चिठ्ठी घालून.

वाईट वाटेल, पण माझ्याकडून कळलेलं बरं. नवसूभाऊजी सव्वीस जानेवारीला मुरबाडहून आले होते. कंपनीला सुट्टी होती. ओटीवर दोघा भावांची बोलाचाली झाली. भाऊजी म्हणाले, "दादा, माझ्या बायकोला देवळात उभी करायच्या आधी मला विचारायचं होतंस." हे म्हणाले, "वीज जाळताना तू कुठं मला विचारलंस?" मग शब्द वाढला, एकमेकांच्या गळ्याला हात गेले. आई खाटेवरून बघत होत्या. भाऊजी पाणीसुद्धा न घेता गेले, आणि त्यांची पाठ फिरताच ह्यांनी तुमच्या बाजूची तार मीटरापासून तोडली. आता मधलं दार विटांनी बंद करायचं म्हणतात. वीटभट्टीवर भाव विचारून आलेत.

मी थांबवू बघते, पण मला बळ कुठलं? बिलाची मुदत पंधरा फेब्रुवारी. त्यापुढे बोर्ड सगळ्याच घराची लाइन कापणार. मी बोरमाळ सोनाराकडे ठेवली, ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

आई माझ्या हातचं शेकून घेत नाहीत. मोरीकडे बोट दाखवतात आणि घशातून आवाज काढतात. मी लघवीचं भांडं पुढे करते तर उलट्या हाताने ढकलतात. दिवसभर तेच. त्यांच्या खाटेपासून मोरी चार पावलांवर. तिथे काय दिसतं त्यांना देव जाणे. तू असतीस तर तुला कळलं असतं.

त्यातल्या त्यात बॉयलरचा आधार. ठिबक आता धारेवर आलीय, सहा कळश्या भरतात. एक सावळीलाही देते. तिच्या नातवाला सर्दी आहे.

एक सांगू का? एक नारळ घेऊन ये. देवीपुढे ठेव, "चुकलं" एवढं म्हण. शेगडीचं नाव सुद्धा काढायला नको. मी ह्यांच्याकडून तार जोडून घेते, स्नेहल इथून परीक्षेला जाईल. एवढ्या एका शब्दाने सगळं सुटत असेल तर हट्ट कशाला?

लक्ष्मी


किन्हवली,
९ फेब्रुवारी

लक्ष्मीबाई,

एक शब्द म्हणता. तो शब्द मी रोज सकाळी तोंडात आणून बघते. चूल पेटवताना म्हणून बघितला, नळावर म्हणून बघितला. गिळता येत नाय नि थुंकता येत नाय.

काल तर निघालेच होते. तुमची शपथ. नारळ घेतला, सरळगावपर्यंत आले. तिथं गाडी बदलायची. स्टँडवर बसले नि स्नेहलनं विचारलं, "आई, आपण चोरली का खरंच?" मी म्हटलं, नाय. तर म्हणे, "मग नारळ कशाला?" परतीच्या गाडीत बसलो दोघी.

पोरगी पुस्तक उघडून बसते नि पान उलटत नाय. तिकडच्या वर्गातल्या एका पोरीनं तिला चिठ्ठी लिहिली, तुझ्याकडं वीज जास्त झाली असंल तर आमाला थोडी दे म्हणून. पोरींची मस्करीच ती. पण ही तीन दिवस जेवली नाय. आता म्हणते परीक्षेला बसतच नाय, पुढच्या वर्षी इकडनं फॉर्म भरते. पुढच्या वर्षी कोण शिकवतंय, बाई? तिचा बाप मुरबाडला एका खोलीत चौघांत राहतो, शनिवारचा येत नाय. म्हणतो, तोंड दाखवायला जागा नाय राहिली, ना भावाकडं, ना सासऱ्याकडं. तोडलेली तार त्यानं डोळ्यांनी बघितली असती तर काय केलं असतं, मला ठाव नाय.

माझ्या भावजया चांगल्या हायत, पण सव्वा महिना झाला. आज भाकरी मोजून थापली गेली. मला कळतं.

लग्न झाल्यापासून तुमच्या शब्दाबाहेर गेले नाय. एकोणीस वर्षांची आले, तुमी मला भात शिजवायला शिकवलंत, हिशेब लिहायला शिकवलंत. स्नेहल पोटात पालथी होती, सुईण भिमी घाबरून पळाली तेव्हा तुमी रात्रभर माझी कंबर धरून बसला होतात. तुमालाच जर वाटतं मी चोरते, तर मी कुणाला सांगायचं नाय म्हणून?

आईंना कुशीवर करताना उजवीकडनं धरा.

वंदना


(पोस्टकार्ड)

किन्हवली,
शुक्रवार, २३ फेब्रुवारी

लक्ष्मीबाई,

पत्राला उत्तर नाय. दुकानाच्या फोनवर बोलायचं म्हणजे गावाला ऐकवायचं, म्हणून कार्डच लिहिते, नि पोस्टमननं वाचलं तरी आता माझं काय जायचं राहिलं नाय.

बिल आलं असंल. आकडा कळवा म्हटलं होतं.

माझा भाऊ मुकेश शेतीच्या मोटारी बांधतो, तुमाला ठाव हाय. तुमची सगळी पत्रं मी त्याला वाचून दाखवली. सहा कळश्यांवर तो थांबला. म्हणाला, "ताई, फुकट गरम पाणी एक वज्रेश्वरीच्या कुंडात मिळतं. बाकी कुठं नाय." तो सांगतो तसं करा. घरातलं एकूण एक बटण बंद करा. मीटरासमोर उभं राहा. आत चकती हाय, तिच्यावर लाल खूण. सगळं बंद असताना ती उभी राहिली पाहिजे. नाय राहिली, तर मग एक-एक बंद करून बघा ती कशानं थांबते.

त्याचं आणखी एक विचारणं हाय. बॉयलरचा लाल दिवा कधी विझतो का?

परीक्षेला सतरा दिवस.

वंदना


॥ श्री ॥

वैशाखरे,
गुरुवार, १ मार्च २००१

चि. सौ. वंदना हिस,

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते, कारण मोठी आहे ते वयाने आहे, ते काही पुसता येत नाही.

काय आलं ते आधी. बिल आलं, २१ तारखेला, १९०५ रुपये.

तू आकडा मागितला होतास. हा तो. तुमच्या खोलीला दोन जानेवारीपासून कुलूप, सव्वीसपासून तार तोडलेली, आणि आकडा आधीच्यापेक्षा नव्वदने जास्त. मागची बाकी असेल म्हणून मी युनिट बघितले. युनिटच वाढलेले. मॅट्रिक झालेय मी, वजाबाकी येते. त्या क्षणी मला कळलं की तू नव्हतीस. आणि कळल्यावर मी काय केलं? बिलाची घडी घातली आणि देवीच्या तसबिरीमागे सरकवली. पाच दिवस ती तिथे होती. मी रोज तिला हळदकुंकू वाहिलं आणि माझी बोटं त्या कागदाला लागत होती. ह्यांना म्हटलं, बिल यायला उशीर झालाय.

सोमवारी तुझं कार्ड आलं. दुपारी हे शेताच्या बांधावर गेले होते. मी सगळी बटणं बंद केली. बल्ब, पंखा, टीव्हीची पिनसुद्धा काढली. बॉयलरकडे गेले नाही, कारण माझ्या मनात तो बंदच होता. ऑटोमॅटिक. हातात जपाची माळ होती ती घेऊनच मीटरापुढे उभी राहिले. वंदना, चकती पळत होती. लाल खूण आली की मी मणी ओढी, दोन मणी ओढते तोवर ती फिरून पुन्हा समोर. दोन मण्यांना एक फेरी. मला वाटलं, घरात कोणी आहे. खरंच मागे वळून बघितलं.

आई खाटेवरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी बोट उचललं, मोरीकडे. या खेपेला मी भांडं नाही उचललं. त्यांच्या बोटाच्या रेषेने बघत गेले तो सरळ त्या लाल दिव्यावर पोचले. तो दिवा दसऱ्यापासून विझलेला मला आठवत नाही. मी त्याला शुभ समजत होते गं, देवाजवळच्या दिव्यासारखा. खालून धार चालू, वरच्या ड्रममधून थंड पाणी आत, ते तापतंय, पुन्हा खाली गळतंय. रात्रंदिवस. आणि मी खाली कळशी धरून बसलेली. धार मोठी झाली तेव्हा मी ती देवाची कृपा म्हणून तुला कळवली.

बटण बंद केलं. धावत मीटरापाशी आले. चकती हळू झाली आणि थांबली. मी अख्खी माळ ओढली, एकशे आठ. हलली नाही.

मागून आईंचा आवाज आला. हसण्यासारखा होता. दीड-दोन महिने बिचाऱ्या मला हेच सांगत होत्या. तो सूं आवाज त्यांच्या कानाशी, गळती त्यांच्या डोळ्यांसमोर. आणि मी दर वेळी भांडं पुढे करायची.

संध्याकाळी ह्यांच्यापुढे बिल ठेवलं आणि सगळं सांगितलं, बोरमाळेचंही. मला वाटलं ओरडतील. ते उठले, विटांसाठी दिलेला बयाणा परत आणायला भट्टीवर गेले. परत आले ते जेवले नाहीत. नंतर म्हणाले, "नवशाला मी कसा बोलावू? तू वंदनाला लिही. ती आली तर तो येईल." गळ्याला हात त्यांनी घातला होता, पण ज्या बाईने मान वळवली तिनेच आधी बोलायला हवं, हे त्यांचं बरोबर आहे.

परवा मंगळवार होता. आरतीनंतर मी बायांना थांबवलं. सोळांतल्या तेरा होत्या, उरलेल्या तिघींच्या घरी नंतर गेले. देवीपुढे उभी राहून सांगितलं, वीज माझ्या मोरीत जात होती. देवीने "घरातच" सांगितलं होतं, माणूस मी लावलं. सावळी म्हणाली, "मग आमी प्यायलो ते पाणी पाच रुपये कळशीचं का गो?" बाया हसल्या. हसू दे. मग तीच डोळे पुसत म्हणाली, "मी वंदीच्या पदराला हात लावून सरले होते. तिला काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, आधी माझा नंबर आहे.

बुधवारी वायरमन आणला. तुमची तार जोडली, ३० रुपये. त्याच शिडीने पत्र्यावर चढले. शेगडी आहे. गोंड्याला एक फूल आहे, पाण्यावाचून वाकलंय पण आहे. मी पाणी घातलं. हे तुझ्या पहिल्या पत्रानंतर करायचं होतं. शिडी आमच्याकडेच होती.

बॉयलर भंगारवाल्याला दिला, ८५ रुपये. साईनाथला लिहिलंय. बिल बोर्डाने तीन हप्त्यांत करून दिलं. आधीचं आणि हे, दोन्ही आमचं. तुझ्या भागाची एकही ओळ नाही. तुझे १५५ डबीत तसेच आहेत.

स्नेहलला हे पत्र वाचायला दे. तिने विचारलं होतं, मग नारळ कशाला. तिला सांग, नारळ मी ठेवला.

ये असं म्हणायचं तोंड मला नाही. मी तुझ्या दारात यायला निघाले होते, पण आईंना सोडून जाता येत नाही, आणि तू दार लावून घेतलंस तर परतीच्या गाडीत बसायचं बळ माझ्यात नाही. बारा तारखेला पेपर आहे. पोरीला त्याआधी दोन रात्री तरी आपल्या खोलीत झोपायला मिळायला हवं. तू नाही म्हणालीस तर मी समजेन. मग परीक्षेपुरती स्नेहल एकटी येऊ दे, मी मधल्या दाराच्या अलीकडेच राहीन, हाक मारणार नाही.

तुमच्या पडवीतल्या दिव्याचं बटण बाहेर आहे. तार जोडली तेव्हा चालतो का बघायला म्हणून लावला, तो अजून चालूच ठेवलाय. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरात दिवसा दिवा जळतोय. मीटरापुढे उभी राहून बघितलं. एक फेरी व्हायला अख्खी माळ लागते. एकशे आठ मणी. एवढंच तुझं जात होतं, वंदना, एवढंच. त्याच्यासाठी मी तुला देवळात उभी केली.

सोबत जोडकार्ड आहे, तिकिटासकट, पत्ता माझ्याच हाताने घातलाय. जास्त लिहू नको. "येते" किंवा "नाही". पोस्टमन सकाळी दहाला येतो, मी ओटीवर असते. तोवर दिवा विझवणार नाही, आणि त्याचं जे होईल ते वहीत माझ्या नावावर लिहीन. उलट टपाली कळव.

लक्ष्मी